मी खोडलेला शेवट

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वॉलॉंगॉंगच्या ऑर्केस्ट्रात मी काहीही वाजवत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुण्याच्या नातेवाइकांना फोनवर ‘ऑर्केस्ट्रात आहे’ म्हटलं की ते विचारतात, कुठली गाणी बसवलीत? मग मी सांगते की गाणी नसतात, पंचवीसेक माणसं व्हायोलिनं, बासऱ्या, भली मोठी पितळी शिंगं घेऊन बसतात आणि मी त्यांचे कागद सांभाळते. एवढं ऐकल्यावर पलीकडून जेवण झालं का विचारतात.

कागद म्हणजे काय, तेही सांगते. वाजवणाऱ्याच्या पुढ्यात स्वतःची एक वही असते, तिला पार्ट म्हणतात. तिच्यात फक्त त्याच्या वाद्याचं लिहिलेलं असतं. सगळ्या वाद्यांचं एकत्र लिहिलेलं जाड बाड समोर उभं राहून सगळ्यांना चालवणाऱ्या कंडक्टरकडे असतं, तो स्कोर. पार्ट मागवायचे, मोजायचे, फाटके चिकटवायचे, स्टँडवर मांडायचे आणि कार्यक्रम संपला की परत पाठवायचे, हे काम माझं, बिनपगारी. पगार मला हॉस्पिटलच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये मिळतो, आणि तिथेही कागदच.

या भानगडीत मी पडले ती विद्यार्थिनी असताना. एका शनिवारी दुपारी युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये फुकट कार्यक्रम होता म्हणून जाऊन बसले. सुरुवातीला सगळी वाद्यं आपापली कुरकुरत होती. मग एकाने एक सूर धरला, आणि बघता बघता सगळे त्या सुरावर आले. मी तोपर्यंत असं काही ऐकलंच नव्हतं. कार्यक्रम त्यानंतर सुरू झाला, पण माझा जीव त्या आधीच्या अर्ध्या मिनिटात अडकला. पुढे नोकरी लागल्यावर दीड वर्ष व्हायोलिन शिकले. बाई फार प्रेमाने शिकवायच्या, आणि त्या दिवसेंदिवस जास्तच प्रेमाने वागायला लागल्या तेव्हा मी काय ते समजले. वाजवता येत नसेल तर निदान वाजवणाऱ्यांच्या जवळ बसावं, म्हणून कागद घेतले.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कंडक्टरबाईंनी एक अमेरिकन ऑपेरा शोधून काढला. तिकडच्या कुठल्याशा लहान शहरात कित्येक दशकांपूर्वी त्याचे मोजके प्रयोग झाले, ते पडले, आणि नंतर त्याला कोणी हात लावला नाही. संगीतकारही केव्हाच गेलेला. गोष्ट साधी. नदीकाठचं एक गाव, आणि गावाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर बसणारी एक बाई. पहिल्या अंकात ती दिवसभर फोन जोडून देते: शाळा, मिल, डॉक्टर, बेकरी, अशी पन्नासेक घरं. दुसऱ्या अंकात वरच्या बाजूचं धरण फुटतं. आणि शेवटच्या सीनमध्ये ती आपल्या जागेवरून न हलता घराघरांत फोन करत राहते, ‘निघा, ऐकताय का, निघा.’ बस्स. पहिल्या प्रयोगाचं एक खरखरतं रेकॉर्डिंग बाईंनी दिलं होतं, त्यातलं पहिल्या अंकाचं संगीत ऐकून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले होते. पण शेवट मात्र भयंकर होता. सगळी वाद्यं जिवाच्या आकांताने वाजतात, पूर आल्याचं आपल्याला कळतं, पण ती बाई काय म्हणते ते एक अक्षर ऐकू येत नाही. प्रयोग पडले ते याच शेवटापायी, असं सगळे म्हणत.

एकट्या ऑर्केस्ट्राला ऑपेरा झेपत नाही. म्हणून गावातल्या एका छोट्या थिएटरशी बोलणी झाली. त्यांच्याकडे स्टेज होतं, दिवे होते, शेजारच्या पोर्ट केम्बलाच्या स्टीलवर्क्समधून रिटायर झालेले चार-पाच खटपटे सुतार-वेल्डर होते. वाजवणारं कोणी नव्हतं. आमच्याकडे फक्त वाजवणारे. पहिले काही आठवडे दोन्हीकडची मंडळी एकमेकांकडे व्याह्यांसारखी बघत होती. आम्ही दहाला म्हणजे दहाला वाजवायला सुरुवात करणारे. ते दहाला आले की चहा पिऊन कालच्या नाटकाची निंदा करणारे. त्यांच्या डिरेक्टरने शेवटासाठी स्टेजवर एक खराखुरा लाकडी पूल बांधून घेतला होता. ऑर्केस्ट्राच्या त्या प्रचंड गोंगाटात तो पूल मधोमध तुटून पडायचा. पूल बांधायला दोन महिने लागले. आमचा बेस, म्हणजे ते माणसाएवढं उभं व्हायोलिन, वाजवणारा म्हातारा स्वतः वेल्डर, तो तर वाजवणं सोडून पुलापाशीच असायचा.

अमेरिकेहून पार्ट आले तेव्हा मी खोकं उघडलं आणि कपाळाला हात लावला. हाताने लिहिलेले बावीस पार्ट, आणि त्यांच्यावर जुन्या पेन्सिलीचा नुसता बुजबुजाट. बाण, गोल, फुल्या, अर्धवट शब्द, एकाने तर कोपऱ्यात बदक काढलेलं. आमच्या धंद्याचा नियम असा की भाड्याने आणलेले पार्ट स्वच्छ करायचे. खरं तर वापरून झाल्यावर, परत पाठवताना. पण वाजवणाऱ्यांना असले घाणेरडे कागद द्यायचे म्हणजे मला घरी पाहुणे बोलावून उष्ट्या ताटात वाढल्यासारखं वाटतं. आणि खरं सांगायचं तर खोडरबर हातात आला की मला थांबता येत नाही. करारात लिहिलं होतं, कॉपी काढायची नाही, फोटो काढायचे नाहीत. मी करार पाळणारी बाई. एकही फोटो न काढता दोन आठवडे रोज थोडे थोडे करत एकवीस पार्ट लख्ख करून टाकले. बाविसावा बेसचा, तो म्हाताऱ्याने आधीच उचलून नेला होता. नाही तर तोही सुटला नसता.

प्रयोगाला पाच आठवडे उरले होते. शनिवारची सकाळ, थिएटरमध्ये तालीम सुरू व्हायची होती. कंडक्टरबाई आल्या त्या धावतच, हातात एक कागद. अमेरिकेतल्या प्रकाशकाकडच्या कोणा कर्मचाऱ्याला जुन्या फायलीत एक चिठ्ठी सापडली होती. संगीतकाराने प्रयोग चालू असतानाच शेवटचा सीन बदलला होता. तालमीत तोंडी सांगितलं, वाजवणाऱ्यांनी पेन्सिलीने आपापल्या पार्टवर लिहून घेतलं. स्कोरमध्ये तो बदल कधी गेलाच नाही, कारण लगेच प्रयोग बंद पडले.

"इट्स ऑल इन द पेन्सिल!" बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पार्ट आले तसेच आहेत ना? यू हॅवन्ट टच्ड देम?"

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. पिशवीत एकवीस स्वच्छ पार्ट होते, ते सगळ्यांना कौतुकाने दाखवायला मी आणले होते.

"आय रब्ड इट ऑल आउट," मी म्हणाले. "सगळं खोडलं."

या देशात माझ्या हातून चहा सांडला, कोणाच्या गाडीला गाडी घासली, चुकीचा रिपोर्ट चुकीच्या वॉर्डात गेला, तरी समोरचा माणूस ‘नो वरीज’ म्हणाला आहे. त्या दिवशी कोणी म्हणालं नाही.

म्हाताऱ्याचा बेसचा पार्ट तेवढा शाबूत होता. त्यात शेवटच्या सीनच्या मध्यावर एक आडवी काट होती आणि तिच्याशेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘मिल’. त्याला वाटलं होतं, मागच्या कोणी तरी आपल्या शिफ्टचं लिहून ठेवलंय. कंडक्टरबाईंनी ती काट स्कोरशी ताडून बघितली. मग म्हणाल्या, एकट्या बेसवरून काही ठरत नाही, बाकीचे कुठे काय करत होते ते कळलं पाहिजे. डिरेक्टर म्हणाला, कळलं तर कळलं, नाही तर स्कोरमध्ये आहे तसं वाजवा, माझा पूल तयार आहे. मला दहा दिवस मिळाले.

घरी आले. नवरा सिडनीला कामावर जातो, शनिवारी तो झोपून असतो. तेव्हा माझा चेहरा पहिल्यांदा बघितला तो सासूबाईंनी. त्या सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आल्या होत्या. चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली बाई. इथे आल्यापासून रोज सकाळी मागच्या डोंगराचं चित्र काढायच्या आणि इथल्या पावाला नावं ठेवायच्या. आमचं बरं चालतं, पण माझ्या टापटिपीची त्या थट्टा करतात, आणि ती मला झोंबते. मी सगळं सांगितलं. वाटलं, आता म्हणतील, तरी मी सांगत होते.

त्यांनी विचारलं, "रबर कुठला वापरलास?"

"आई, रबराचं काय घेऊन बसलात?"

"अगं, सांग तर. मऊ का कडक? आणि लिहिणाऱ्याने घाईत लिहिलं होतं ना? घाईत माणूस दाबून लिहितो." त्यांनी एक पार्ट उचलून खिडकीशी तिरका धरला. "ड्रॉइंगच्या परीक्षेला पोरं घरून चित्र छापून आणायची. ट्रेस करायची, मग खोडायची, आणि वर्गात त्याच खाचांवरून नव्याने काढायची. मी कागद असा धरायचे. लगेच दिसायचं. किती जणांना उभं केलंय मी."

गॅरेजचं शटर आम्ही वीतभर उघडं ठेवून खाली ओढलं. दुपारचं ऊन त्या फटीतून जमिनीसरपट आत यायचं. टेबल नव्हतं, म्हणून आम्ही दोघी सतरंजीवर. मी पार्ट तिरका धरायचा आणि सासूबाईंनी वर बेकिंग पेपर ठेवून जे दिसेल ते हलक्या हाताने उतरवायचं. त्यांना नोटेशनमधलं काही कळत नाही, याचा फार उपयोग झाला. मी असते तर मला वाटलं ते वाचलं असतं. त्या फक्त खाच बघत होत्या. ऑफिसातून मी चार दिवस रजा काढली. कारण विचारलं तेव्हा ‘फॅमिली’ असं लिहिलं.

पहिल्या दुपारी हाती काही लागलं नाही. नुसते बाण आणि ते बदक. दुसऱ्या दिवशी बासरीच्या पार्टवर शेवटच्या सीनमध्ये एक काट दिसली, आणि तिच्यापाशी अक्षरं. सासूबाईंनी ती एकेक करून उतरवली. ‘स्कूल’. मी वैतागले. वाजवताना कोणाला शाळा आठवली होती? मग एका शिंगाच्या पार्टवर, अगदी वेगळ्याच बारीक अक्षरात, ‘डॉक्टर’. तिथेही काट, पण थोडी पुढे. मग व्हायोलाच्या, म्हणजे जरा मोठ्या व्हायोलिनच्या, पार्टवर ‘बेकरी’, आणखी पुढे. आणि एकदम मला बेसची ‘मिल’ आठवली.

मी सासूबाईंचा हात धरला, त्यांची पेन्सिल घसरली, त्या ओरडल्या.

"आई, ही घरं आहेत. प्रत्येक वाद्य म्हणजे एक घर. पाणी येतं, तारा तुटतात, एकेका घराचा फोन बंद पडत जातो. फोन बंद पडला की ते वाद्य थांबायचं. एकेक करून सगळी थांबतात. ती बाई एकटी उरते."

संगीतकाराने गोंगाट वाढवला नव्हता, काढून टाकला होता. शेवट त्याने शांततेने लिहिला होता, आणि तो लिहायला त्याला नवा कागदही लागला नव्हता. बावीस माणसांना त्याने सांगितलं असणार, तू शाळा, तू डॉक्टर, तू बेकरी, आणि त्या माणसांनी मान डोलावून ते दाबून लिहून घेतलं. तो शेवट तिथे एकदा तरी वाजला का, कोणाला माहीत नाही. मी त्या गॅरेजमध्ये मांडी घालून बसले होते आणि मला वाटत होतं की आपण कोणा मोठ्या माणसाच्या खोलीत न विचारता शिरलो आहोत.

सासूबाईंनी बासरीचा कागद पुन्हा हातात घेतला. मग म्हणाल्या, "ह्या शाळेतली मुलं वेळेवर निघाली का गं?"

"ते लिहिलेलं नाही, आई."

"बघ की नीट," त्या म्हणाल्या.

नऊ दिवसांत वीस पार्ट वाचून झाले. राहिला एक, दुसऱ्या क्लॅरिनेटचा. मी खोडायला घेतलेला तो अगदी पहिला पार्ट. नवा कोरा रबर, नवा उत्साह. आणि शेवटचं पान आधीच विरलेलं. मी ते इतकं घासलं होतं की कागदाचा वरचा पापुद्राच निघून गेला होता. सासूबाईंनी तीन दुपारी त्या एका पानावर घालवल्या. सकाळचं ऊन, टॉर्च, भिंग, सगळं झालं. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"इथं काही नाही. फार जोर लावलास तू."

त्यांनी मला बरं वाटावं म्हणून काही म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं. त्या क्लॅरिनेटचं घर कुठलं आणि ते केव्हा गप्प झालं, हे जगात फक्त त्या पानाला माहीत होतं. इतकी वर्षं ते टिकलं, आणि एका दुपारी चहा गार व्हायच्या आत मी ते संपवलं. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

दहाव्या दिवशी बेकिंग पेपरची गुंडाळी घेऊन मी तालमीला गेले. कंडक्टरबाईंनी सगळ्यांना आपापली काट लिहून घ्यायला सांगितली. डिरेक्टर हाताची घडी घालून पुलाखाली उभा होता. गाणारी बाई स्टेजवर आपल्या टेलिफोनपाशी बसली. सुरू झालं. आधी तोच गोंगाट. मग बेस थांबला, आणि जमीन थोडी खाली गेल्यासारखं वाटलं. मग ट्रम्पेट. बासरी थांबली तेव्हा मी डोळे मिटले. जसजसं कमी होत गेलं तसतसे त्या बाईचे शब्द ऐकू यायला लागले, आणि शब्द तेच होते, ‘निघा, ऐकताय का? आहे का कोणी?’ शेवटी एक व्हायोलिन होतं, तेही संपलं.

मग डिरेक्टरने वर पुलाकडे बघितलं आणि बेसवाल्या म्हाताऱ्याला म्हणाला, "सॉरी, मेट. हा आता पडायचा नाही."

म्हातारा म्हणाला, "नो वरीज. पक्का बांधलाय."

दुसरं क्लॅरिनेट वाजवणारी गावात बस चालवते. तिने विचारलं, मी कुठे थांबू? तालमीत ती कधी इथे, कधी तिथे थांबत होती. कंडक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता मला विचारतील, आणि मी कोणत्या तोंडाने सांगणार? पण त्या तिलाच म्हणाल्या, "खूण गेली. तुझ्या घरचा फोन कधी बंद पडतो ते आता तूच ठरव. आणि मला आधी सांगू नकोस."

तीन प्रयोग झाले. थिएटर लहान, ऑर्केस्ट्रासाठी स्टेजपुढे असतो तो खड्डा नाही, त्यामुळे ऑर्केस्ट्रा स्टेजच्या कडेलाच बसला होता आणि वाद्यं एकेक करून मांडीवर खाली येताना सगळ्यांना दिसत होती. पहिल्या दिवशी क्लॅरिनेट लवकर थांबलं, तिसरं की चौथं. दुसऱ्या दिवशी मध्यावर. रविवारी दुपारच्या शेवटच्या प्रयोगाला मी सासूबाईंशेजारी बसले होते. व्हायोलिन थांबलं. मला वाटलं, संपलं. पण क्लॅरिनेट थांबलं नव्हतं. एकच हलका सूर. गाणारी बाई त्या दिशेला वळली. हे ठरलेलं नव्हतं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ‘ऐकताय का?’ तिने म्हटलं, आणि सूर होता. पुन्हा म्हटलं, पुन्हा होता. तिसऱ्यांदा बसवालीचा श्वास संपला. सूर कापला, तुटला. बाईने आणखी एकदा हाक मारली. सासूबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की दुसऱ्या दिवशीही दुखत होतं. लोक टाळ्या वाजवायला किती तरी वेळाने उठले. मी उठू शकले नाही. आपल्या हातून गेलेल्या गोष्टीच्या जागी असं काही येऊ शकतं, हे मला अजून नीट समजलेलं नाही. त्याने माझी चूक भरून निघाली असंही मी म्हणत नाही. संगीतकाराने जे लिहिलं होतं ते हे नव्हतं, एवढं मला माहीत आहे.

पुढच्या आठवड्यात पार्ट परत पाठवायचे होते. प्रकाशकाने कळवलं होतं की या वेळी काहीही खोडू नका. मी बावीसच्या बावीस मोजले. शाळा, डॉक्टर, बेकरी, मिल, सगळ्यांच्या खुणा आमच्या लोकांनी आपापल्या अक्षरात लिहिलेल्या. दुसऱ्या क्लॅरिनेटचं शेवटचं पान मात्र कोरंच होतं. बसवालीने त्यावर काहीच लिहिलं नव्हतं.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. त्या विरलेल्या जागेच्या बाजूला, समासात, इंग्रजीत दोन वाक्यं लिहिली. इथे एक खूण होती. ती मी खोडली, आणि ती काय होती ते आता कोणालाही माहीत नाही.

माझ्यासारखी एखादी बाई पुढे कुठे तरी असेलच. म्हणून पेन्सिल चांगली दाबून लिहिलं.